देवांची सोय

रत्नागिरीच्या माणसाला एखादी प्रेक्षणीय वस्तू दाखवायला नेणे, यासारखे निष्फळ काम दुसरे नाही. त्याला ताजमहाल दाखवा. तो चारी बाजूंनी फिरेल, एखाद्या संगमरवरी लादीवर नख मारून बघेल आणि म्हणेल, "बरा आहे. पण पावसाचं पाणी कुठून जातं?" कौतुक करणे हे आमच्याकडे उधळपट्टीत मोडते. शिवाय पाहण्यासारखे जे काही आहे ते आमच्या परसदारी, आणि तेही फुकट. आमच्या जिल्ह्यातल्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी कातळात हत्ती, मासे, माणसे कोरून ठेवली आहेत. कशेळीचा हत्ती तर पन्नास फुटांहून लांब आहे! २०२२ साली ही कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत जाऊन बसली. तोपर्यंत आम्ही त्यांच्यावरून गुरे हाकीत होतो. जुने काही दिसले की आमच्याकडे ते पांडवांनी एका रात्रीत केलेले असते, आणि एका रात्रीत केलेल्या कामाचे कौतुक ते किती करायचे?

एक गोष्ट मात्र आमच्या मनाला लागून राहिली आहे. ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन, ब्राँझचा, वीतभरसुद्धा उंची नसलेला, सापडला तो कुठे, तर कोल्हापुरात! १९४४-४५ च्या सुमारास ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खनन झाले, त्यात तो निघाला आणि तिथल्या टाउन हॉलमधल्या संग्रहालयाचे भूषण होऊन बसला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापारात पश्चिमेकडून आलेला हा देव कोकणातल्याच कुठल्या तरी बंदरात उतरून घाट चढला असणार, हे सांगायला पंडित नको. कोल्हापूरला गलबत लागत नाही. म्हणजे उतरला आमच्याकडे, आणि समुद्राचा देव असूनही बिऱ्हाड केले ते घाटावर! हे मी आमच्या शेजाऱ्यांना सांगितले, तेव्हा ते सुपारी कातरत म्हणाले, "त्यात नवल काय? इथे माणसं राहीनात, तर देव कसा राहील?"

हे वाक्य थट्टेतले. पण माझ्या काकूच्या घरी तोच प्रश्न खरोखरीचा होऊन बसला होता.

काकूचे वय ब्याऐंशी. रत्नागिरीपासून एस. टी.ने तासाभरावर असलेल्या गावी ती जुन्या घरात एकटी राहते. एकटी म्हणजे आपल्या हिशेबाने. तिच्या हिशेबाने घरात सतरा माणसे आहेत, पैकी सोळा देव्हाऱ्यात. दोन शाळिग्राम, एक बाण, गणपती, देवीचे टाक, दोन बाळकृष्ण, गंगेची लोटी, शिवाय शंख आणि घंटा यांनाही ती माणशी धरते. आणि तीन अन्नपूर्णा! त्याचे असे आहे, की प्रत्येक सून लग्नात माहेराहून अन्नपूर्णा घेऊन येते, आणि जाताना कुणी ती परत नेत नाही. त्यामुळे कोकणातल्या जुन्या देव्हाऱ्यांत अन्नपूर्णांची दाटी असते आणि घरात जेवायला माणूस नसतो.

गेल्या दोन वर्षांत काकूच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. तिचा थोरला मुलगा डोंबिवलीला असतो. तो म्हणाला, "आई, आता तू इकडे ये." काकू म्हणाली, "येते. पण यांचं काय?" यांचे म्हणजे सोळा जणांचे. थोरल्याच्या घरी देव्हारा आहे, पण तो स्वयंपाकघरात, मिक्सरच्या वरच्या फळीवर. वहिनीने मापे घेऊन सांगितले, की सध्याचे देव सरकवून आणखी चार बसतील. धाकटा न्यू जर्सीला असतो. तो फोनवर म्हणाला, "आई, मी सगळेच्या सगळे नेले असते गं, पण १९७२ चा कायदा आहे. शंभर वर्षांपलीकडची मूर्ती देशाबाहेर नेता येत नाही." कायद्याविषयी एवढा आदर त्याने आयुष्यात प्रथमच दाखवला. वर त्याने तोडगाही सुचवला. "तू असं कर ना, म्युझियमला देऊन टाक. जुने आहेत, आनंदाने घेतील. इथे लोक देतात."

काकूने फोन ठेवला आणि रीतसर सल्ला घ्यायचे ठरवले. आमच्या आळीत एक निवृत्त वकील आहेत. फी बंद झाल्यापासून ते सविस्तर बोलतात. त्यांनी सांगितले, की कलकत्त्याच्या एका मलिक घराण्यात घरच्या देवाच्या पाळीवरून भाऊबंदकी झाली. एकाला आपल्या पाळीत देव आपल्या घरी न्यायचा होता. प्रकरण चढत चढत लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले. १९२५ साली त्या साहेबांनी निकाल दिला, की देव म्हणजे इकडून तिकडे हलवायची मेजखुर्ची नव्हे. कुठे राहायचे याबाबत त्याचीही इच्छा असते, आणि ती मांडायला त्याला कोर्टात स्वतंत्र माणूस द्या.

"शिवाय," वकील म्हणाले, "कायद्याने देव कायमचा अज्ञान असतो."

"अज्ञान?" काकूने पदर सावरला.

"म्हणजे अल्पवयीन हो. त्याला पालक लागतो."

"हे कळायला विलायतेला कशाला जावं लागलं?" काकू म्हणाली. "रोज सकाळी आंघोळ घालते, पुसते, भरवते, ती काय मोठ्या माणसाला?"

तर असे हे सोळा अल्पवयीन आणि त्यांची ब्याऐंशी वर्षांची पालक. मी सुचवले, की मुंबईला कशाला जायचे, रत्नागिरीतच थिबा राजाच्या वाड्यात सरकारी संग्रहालय आहे, तिथे चौकशी करू. काकूने एका वाक्यात तो वाडा निकालात काढला. "तिथे राजालाच करमलं नाही, तर माझ्या बाळकृष्णाला काय करमणार?" यात तथ्य होते. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीला आणून ठेवले. त्याच्यासाठी वाडा तयार होऊन तो तिथे राहायला गेला १९१० साली आणि वारला १९१६ साली. त्याचे मंडालेचे सिंहासन कलकत्त्याच्या म्युझियममध्ये होते, तेसुद्धा १९४८ साली मायदेशी परत गेले. राजा इथेच राहिला. "म्युझियममधल्या वस्तू तरी परत जातात," मी म्हणालो. "मग मुंबईचंच बघू," काकू म्हणाली. "बघू" म्हणजे मुलीला स्थळ बघतात तसे.

अशा रीतीने एका थंडीच्या दिवसात कोकण रेल्वेने आम्ही मुंबईला आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भव्य इमारतीसमोर उभे राहिलो. काकूच्या हातात कापडी पिशवी. पिशवीत काय आहे ते मी विचारले नाही.

मी उत्साहाने माहिती सांगायला सुरुवात केली. पायाचा दगड १९०५ साली इंग्लंडच्या युवराजाने बसवला, म्हणून नाव प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. १९९८ पासून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. नकाशा विटेट नावाच्या साहेबाचा. घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला.

"दगड कुठला?" काकूने विचारले.

"काळा कुर्ल्याचा, पिवळा मालाडचा."

"जांभा नाही?"

"नाही."

इमारतीचे चार गुण कमी झाले.

शिल्पांच्या दालनाच्या दाराशी काकूने चपला काढल्या आणि पिशवीत घातल्या. दाराशी उभा असलेला रखवालदार लगबगीने पुढे आला. "आजी, चपला घाला. इथे चालतं. लादी गार आहे."

"देवांसमोर?"

रखवालदार जरा घोटाळला. हा प्रश्न त्याच्या नेमणुकीच्या कागदात नसावा. "तशी इथे पूजा नसते," तो म्हणाला. "गाव कंचा म्हणायचा आजी?" मुंबईत कुठल्याही दारावर उभा असलेला माणूस पाच मिनिटांत कोकणातला निघतो. हा राजापूर तालुक्यातला निघाला. मग काय, तो आमच्याबरोबर चार पावले चालू लागला.

आत सगळे उभे होते. ब्रह्मदेव, विष्णू, शिव, देवी, गण, यक्ष. खालून दिवे, वरून दिवे, मागे कोरी भिंत. मला एक गोष्ट प्रथमच जाणवली. मी आयुष्यात शेकडो देवळांत जाऊन आलो, पण देव असा पाहिला नव्हता. देवळात आपण पाहतो ती फुले, वस्त्रे, चांदीचा मुखवटा, पुढच्या माणसाचे डोके आणि मागच्या माणसाचा धक्का. उरलेल्या वेळात डोळे मिटून घेतो. इथे देवाचा खांदा दिसतो, बोटांची ठेवण दिसते, चक्क देवाची पाठ दिसते! दीड हजार वर्षांपूर्वी कुणी तरी छिन्नी धरलेला माणूस देवाच्या ओठाच्या कोपऱ्यात किती वेळ रेंगाळला असेल, तेही दिसते. मी अगदी हरखून गेलो होतो.

काकू मात्र हातपाय मोजत होती.

"याचा हात कुठे गेला?"

"मोडला असेल."

"आणि हिचा?" ही म्हणजे घारापुरीहून आलेली महिषासुरमर्दिनी. सहाव्या शतकातली. भंगलेली, पण त्या मोडक्या अंगातही असा काही आवेश, की महिषासुराने अजून जपून असावे. काकूने तिच्यासमोर हात जोडले आणि हळू आवाजात मला म्हणाली, "सगळेच रे जायबंदी!"

"काकू, ही इमारत १९१४ साली बांधून झाली. पण लोकांसाठी उघडली ती १९२२ साली. मधल्या महायुद्धात इथे लष्करी इस्पितळ होतं."

"अजूनही आहे की!" काकू म्हणाली.

आमच्याकडे भंगलेली मूर्ती पूजेत ठेवत नाहीत. नदीत सोडतात, नाहीतर पिंपळाच्या पारावर ठेवून देतात. तिथे तिच्यावर पाऊस पडतो, शेवाळ येते, आणि एखादी वाटसरू बाई चुकून हळदकुंकूही वाहून जाते. इथे उलटे. जितकी मूर्ती भंगलेली, तितकी तिची बडदास्त मोठी. मी काकूला म्हटले, "बघ, देवळात ज्यांची पूजा बंद झाली असती त्यांना इथे किती मान आहे." तिने मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी ते कळले नाही. आमच्याकडे दोन्हीला एकच मान हलते.

ऐहोळेच्या देवळातले तीन मोठे दगडी फलक भिंतीला लावलेले आहेत. ब्रह्मदेव, शंकर, आणि शेषावरचा विष्णू. सातव्या शतकातले. मी पाटी वाचून सांगितले, की हे मूळचे देवळाच्या छताला होते. म्हणजे लोक खालून मान वर करून बघायचे.

"म्हणजे शेकडो वर्षं पालथे?" काकू कळवळली. "बरं झालं बाई, उभे केले. पाठीला आराम."

हा पहिला गुण म्युझियमला मिळाला.

पुढे असिरियाचे दगड होते. निमरूदच्या राजवाड्यातले, इसवी सनापूर्वी नवव्या शतकातले. निमरूद म्हणजे आजच्या इराकात. पिळदार पोटऱ्यांचा, नीट वेणीफणी केलेल्या दाढीचा आणि पंखांचा असा तो देवदूत बघून मी विद्वत्ता पाजळली. या जातीच्या देवदूतांच्या एका हातात बहुधा छोटी बादली असते आणि दुसऱ्या हातात कोनासारखे फळ. पंडितांच्या मते ते शुद्धीकरणाचा विधी करीत असावेत.

"विधी कसला? पंचपात्री नि पळी आहे ती. शिंपडतोय," काकू म्हणाली. "आपल्याकडे पंखाचे भटजी नाहीत, एवढंच."

तीन हजार वर्षांचे कोडे तिने चालता चालता सोडवले होते.

मग ती थांबली ती एका मातीच्या पुतळ्यापाशी. सिंधमध्ये मीरपूर खास म्हणून गाव आहे, तिथल्या बौद्ध स्तूपावरची ही भाजलेल्या मातीची मूर्ती. एक पुरुष उभा आहे, हातात कमळाचे फूल. देव नव्हे, राजा नव्हे. स्तूपाला आलेला एक उपासक. दीड हजार वर्षे होऊन गेली, अजून फूल हातातच.

काकू त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "एवढ्या मोठ्या घरात फूल घेऊन आलेला हा एकटाच रे."

यावर मला काही बोलता आले नाही. रखवालदारानेही टोपी सारखी केली.

मग काकूने मुख्य चौकशी सुरू केली. स्थळाकडच्या मंडळींना विचारतात त्या चालीवर.

"यांना आंघोळ?"

"मऊ ब्रशानं धूळ झाडतात आजी. पाणी नाय लावत. दगडाला सोसत नाही."

"तिन्हीसांजेला दिवा?"

रखवालदाराने वर विजेच्या दिव्यांकडे पाहिले. "दिवे असतात दिवसभर. संध्याकाळी बंद करतो."

"म्हणजे तिन्हीसांजेला यांच्याकडे अंधार." काकूने नोंद घेतली. "रात्री कोण असतं?"

"पाहारा असतो की. आमीच असतो पाळीपाळीनं."

"भीती नाही वाटत?"

"भीती कसली आजी? उलट बरं वाटतं. मी आपला येता-जाता एकदा मनातल्या मनात हात जोडतो. बोलायचं नाय कुणाला."

"मनातल्या मनात का?"

"युनिफॉर्ममध्ये आसतो ना."

काकूचे समाधान झाल्यासारखे दिसले. पिशवीत हात घालून तिने चिंचेच्या गोळ्याएवढे काहीतरी बाहेर काढले. फडक्यात गुंडाळलेला तिचा बाळकृष्ण! "नमुना दाखवायला आणला होता," ती म्हणाली. रांगता, हातात लोण्याचा गोळा, पितळेचा. वर्षानुवर्षे चिंच आणि राख लावून घासल्यामुळे त्याचे नाक पार सपाट झालेले, डोळे पुसट, लोण्याचा गोळा मात्र शाबूत. रखवालदाराने दोन्ही हात पाठीमागे नेले, जणू त्या मूर्तीलाही हात लावू नये असा नियम आहे, आणि वाकून बघितले.

"नाक गेलं वाटतं?"

"गेलं नाही, झिजलं," काकू म्हणाली. "फरक आहे. पडलं की जातं. माया केली की झिजतं."

आसपासच्या देवांची तुटलेली नाके मी एकवार पाहून घेतली. पुढे एका जाणकारांना मी हा किस्सा सांगितला, तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, मूर्तीवरची झीज हाही पुरावाच असतो. ही मूर्ती नुसती घडवली नाही, वापरात होती, हे त्यावरून कळते. पण घराघरांतले सगळेच बाळकृष्ण घ्यायचे म्हटले, तर म्युझियमला दुसरी मुंबई बांधावी लागेल.

निघताना काकूचे लक्ष एका उंच शिल्पाकडे गेले. मधे एक शिव उभा, त्याच्या खांद्यांमागून वर दुसरा निघालेला, त्याच्या वर तिसरा, आणि दोन्ही अंगांनी बाहेर झेपावणारे आणखी, असे एकूण सात. पायाशी गण वाद्ये वाजवीत बसलेले. मी पाटी वाचली. परळचा शिव. पण ही प्लास्टरची प्रतिकृती. मूळ मूर्ती परळलाच आहे.

"म्हणजे हा मुखत्यार," काकू म्हणाली. "धनी कुठाय?"

त्याची हकीकत अशी. १९३१ साली परळ ते शिवडी रस्त्याचे काम चालले असताना ही अकरा फुटांहून उंच शिळा जमिनीतून वर आली. पाचव्या-सहाव्या शतकातली. अशी चीज म्युझियममध्येच जायची. पण परळच्या लोकांनी तिला बारादेवीच्या देवळात नेले आणि पूजा सुरू केली. म्युझियमला मिळाली ती प्रतिकृती. त्यामुळे आज अशी गंमत आहे, की नक्कल राजवाड्यात, प्रकाशझोतात, आणि अस्सल चाळींच्या वस्तीत.

काकूला आता राहवेना. गुडघे विसरून ती म्हणाली, "टॅक्सी कर." काकूने स्वखुशीने टॅक्सी करायला सांगण्याची ही ऐतिहासिक वेळ.

परळच्या त्या गल्लीत पोचायला आम्हांला चार ठिकाणी विचारावे लागले. म्युझियम सगळ्या मुंबईला ठाऊक असते, पण दीड हजार वर्षांचा शिव कुठे राहतो हे विचारले, तर माणूस आधी पिन कोड विचारतो. शेवटी एका फुलवालीने वाट दाखवली. देवळालगतच्या खोलीत, गजांआड, तो उभा होता. प्लास्टरमध्ये जे नव्हते ते त्या फिकट दगडात होते. सातही जण श्वास घेऊन थांबल्यासारखे दिसत होते. प्रकाशयोजना म्हणाल तर शून्य. तारीख, शतक, शैली सांगणाऱ्या लांबलचक पाट्याही नव्हत्या. पण उंबऱ्यापाशी कुणीतरी सकाळीच ठेवलेली बेलाची दोन पाने होती, अजून न सुकलेली. शेजारच्या घरातून फोडणीचा वास येत होता आणि कुकरच्या शिट्ट्या.

काकू गजांना धरून उभी राहिली.

"एकत्र कुटुंब आहे रे," ती म्हणाली. "एकाच्या खांद्यावर दुसरा."

"काम अपुरं राहिलंय म्हणतात."

"एकत्र कुटुंबाचं काम अपुरंच राहतं." थोडा वेळ गप्प राहून ती पुन्हा म्हणाली, "बंदोबस्तात आहे, पण वस्तीत आहे. कुणी तरी उद्या सकाळी येणार म्हणून ही पानं उद्या सुकलेली निघतील. तिथे त्या मातीच्या माणसाचं फूल कधी सुकायचं नाही."

गाडीत बसेपर्यंत ती काही बोलली नाही. मला वाटले, सगळा खटाटोप फुकट गेला, स्थळ नापसंत. चिपळूण मागे पडल्यावर तिने अचानक विचारले, "त्या म्युझियममध्ये प्रत्येकाखाली चिठ्ठी होती बघ. नाव, गाव, कधीचा, कशाचा, कुणी दिला. कुणा टाटांनी बरंच काही दिलेलं दिसलं."

"सर रतन टाटा, सर दोराब टाटा. त्यांचे संग्रह आहेत तिथे."

"ते मात्र मला आवडलं," काकू म्हणाली.

गावी पोचल्यावर तिने कपाटातून जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढला. कोकणातल्या घरात काहीही टाकत नाहीत. त्या पत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून तिने सोळा चिठ्ठ्या केल्या आणि दोन दिवस बसून, शाळेत कित्ता गिरवतात तशा ठसठशीत अक्षरात त्या लिहिल्या. मला फक्त वाचायची परवानगी होती, दुरुस्तीची नव्हती. त्या चिठ्ठ्यांत म्युझियमची शिस्त होती आणि त्यापुढे काकू होती.

"शाळिग्राम, मोठा. काळा दगड. वय कोण जाणे. देणगीदार: मामंजींचे आजोबा. याला तुळस लागते. कुंडीतली चालेल, प्लास्टिकची चालणार नाही."

"गणपती. पितळ. सोंड झिजली आहे, भंगलेली नाही. एकवीस दूर्वा न मिळाल्यास तीन. तेवढ्यावर भागतं."

"घंटा. काशाची. आवाज मोठा आहे. शेजारी तक्रार करतील, त्यांना प्रसाद द्यावा."

"अन्नपूर्णा, तिसरी. पितळ. देणगीदार: माझी आई. रोज चिमूटभर तांदूळ. घरी स्वयंपाक केला नसेल तर हिला खरं सांगावं. ओरडत नाही."

दर मे महिन्यात थोरल्याची मुलगी आजीकडे येते. पुण्याला कंपनीत असते. तिने जन्मात पूजा केलेली नाही, आणि तसे ती स्पष्ट सांगते. देव्हाऱ्यापुढे उकिडवी बसून तिने सोळाच्या सोळा चिठ्ठ्या वाचल्या. मधूनच हसत होती, मधूनच हसायची थांबत होती. शेवटी म्हणाली, "आजी, मला देवबिव काही कळत नाही. पण ही तिसरी जमेल मला. काय करायचं ते लिहिलंय." आणि रुमालात गुंडाळून ती अन्नपूर्णा तिने लॅपटॉपच्या पिशवीत ठेवली. अधूनमधून आजीला तिचा रात्री फोन येतो. "आज बाहेरून मागवलं. सांगितलं मी तिला."

मग हालचालींना वेग आला. डोंबिवलीच्या वहिनीने फळी पुन्हा मोजली, तेव्हा ती सहा देवांची निघाली. टाक आणि बाण गावातल्या देवळात गेले. गुरवाने चिठ्ठीसकट मागून घेतले, कारण त्याच्या मुलाला पुढे उपयोगी पडेल. न्यू जर्सीकरांनी देव नाही, पण चिठ्ठ्यांचे फोटो मागवले. त्यात कायद्याची अडचण नव्हती. माझ्याकडे मोठा शाळिग्राम आला. त्याच्यासाठी गॅलरीत तुळशीची कुंडी आणली, आणि तिला पाणी घालायचे म्हणून मला पहाटे उठावे लागते. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. काळ्या दगडाचा तो वाटोळा गोळा मला उठवतो, एवढेच नोंदवून ठेवतो. प्रिव्ही कौन्सिलच्या भाषेत, त्याची तशी इच्छा असावी.

नाक झिजलेला बाळकृष्ण अजून काकूपाशीच आहे. डोंबिवलीला जायचा दिवस ती अधूनमधून ठरवते आणि अधूनमधून पुढे ढकलते. त्याचीही चिठ्ठी तयार आहे. "बाळकृष्ण. पितळ. देणगीदार: सासूबाई. दूध कोमट लागतं. थंडीत अंगावर फडकं घालावं." त्याखाली तिने लिहिले आहे, "स्वीकारणार", पुढे दोन टिंबे दिली आहेत आणि जागा मोकळी सोडली आहे. मी विचारले, "इथे काय लिहायचं?"

"तिथे मी नाही लिहायचं," काकू म्हणाली. "जो घेईल त्यानं सही करायची. अल्पवयीन आहे तो."